दगड उचलून दाखव, मग वाटा ठरवू: गावाकडचे ताकदीचे खेळ नेमकं काय मोजायचे?

आइसलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर स्नाइफेल्सनेस नावाचं लांबट द्वीपकल्प आहे. तिथे द्रित्विक या जुन्या मासेमारी तळाजवळच्या काळ्या गोट्यांच्या पुळणीवर चार दगड ठेवलेले आहेत. सर्वांत मोठा १५४ किलोचा, दुसरा १०० चा, तिसरा ५४ चा आणि शेवटचा २३ चा. नावं अनुक्रमे अशी: पूर्ण बळाचा, अर्ध्या बळाचा, अर्ध्या वाट्याचा आणि निकामी. एकेकाळी इथून वल्हवायच्या होड्या समुद्रात जायच्या. काम मागायला आलेल्या माणसाला हे दगड उचलून कमरेएवढ्या उंचीच्या खडकावर ठेवायला सांगत. ज्याला ५४ किलोचाही झेपला नाही, त्याला होडीवर जागा नव्हती.

ऐकताना ही नुसती मर्दानगीची हौस वाटते. पण त्या होडीचा विचार करा. होडी उघडी, धक्का नाही. परत आल्यावर ओली, भरलेली होडी सगळ्यांनी मिळून पुळणीवर ओढायची, तीही पाठीमागून लाट येत असताना. मोजक्या माणसांत एक जण कमी पडला तर त्याचा भार उरलेल्यांवर येतो, आणि लाट कोणासाठी थांबत नाही. तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, नवख्या माणसाकडून एकच खात्री हवी असायची: ओल्या, बेढब, धड हाताला न लागणाऱ्या वजनाशी याला झुंजता येतं का? चार दगड ते दोन मिनिटांत सांगायचे.

अशा खेळांकडे आपण जत्रेतली करमणूक म्हणून पाहतो. माझं म्हणणं असं की त्यांतले बरेचसे मुळात मोजमापं होती. दाखले नव्हते, अनुभवाची पत्रं नव्हती. एखाद्याला पूर्ण मजुरी द्यायची की अर्धी, त्याच्यावर भरवसा टाकायचा की नाही, हे चारचौघांसमोर आणि वाद न होता ठरवायचं होतं. हे एकदा ध्यानात घेतलं की या खेळांतल्या बऱ्याच विचित्र गोष्टी सरळ होतात. वजनी गट का नाहीत? कारण होडी ओढणाऱ्याचं वजन विचारत नाही. वस्तू इतक्या गैरसोयीच्या का? कारण कामातल्या वस्तूही तशाच असतात. आणि एका खेळात दगड नुसता हलला तरी पुरतं, दुसऱ्यात खांद्यापर्यंत न्यावा लागतो, हे का? कारण मागचं काम वेगवेगळं होतं.

कामातून पैज, पैजेतून नियम

स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क प्रदेशात हे सर्वांत स्वच्छ दिसतं. तिथल्या ग्रामीण खेळांची यादी म्हणजे शेतकरी, लाकूडतोडे आणि खाणकामगार यांच्या कामांचीच यादी आहे. कुऱ्हाडीने ओंडके तोडायचे. लांब दांड्याच्या विळ्याने ठरल्या वेळात गवत कापायचं आणि मग ते तोलायचं. पहारीने खडकात भोक पाडायचं. ओळीने मांडलेली मक्याची कणसं एकेक करून उचलून टोपलीत आणून टाकायची, म्हणजे ऐकायला पोरखेळ, पण शंभरेक वाकण्यांनंतर मांड्या बोलायला लागतात. दोन्ही हातांत वजनं घेऊन चालायचं. फरसबंद चौकात बैलांकडून, आणि कधी माणसांकडूनही, दगडी ठोकळा ओढवायचा. आणि अर्थात दगड उचलायचे.

यातला एकही खेळ कोणी बसून रचलेला नाही. दोन शेतांवरचे दोन गडी, दोघांचाही दावा की मी जास्त गवत कापतो. मग पैज लागते. पैजेमागे पैसा, जनावर, कधी त्याहून मोठं काहीतरी. इथे एक गोष्ट घडते जी सहसा कोणी सांगत नाही: नियम पैजेतून येतात. नुसती फुशारकी असेल तर 'चांगला मोठा दगड' एवढं पुरतं. पैसे लागले की पुरत नाही. दगडाचं वजन किती, वेळ किती, खांद्यावर आला असं कधी म्हणायचं, हात सुटला तर ती उचल धरायची का, साक्षीदार कोण, हे सगळं आधी ठरवावं लागतं. बास्क प्रदेशात आज दगड घडवलेले असतात, त्यांचे चार आकार ठरलेले आहेत: दंडगोल, आयताकृती ठोकळा, घन आणि गोळा. कधी ठरलेल्या मिनिटांत जास्तीत जास्त उचली मोजतात, कधी एकाच उचलीत जास्तीत जास्त वजन. हे दोन अगदी वेगळे कस आहेत. पहिल्यात छातीचा भाता लागतो, दुसऱ्यात एका क्षणाची रग.

नाव्हारा प्रांतातल्या लेइत्सा या छोट्या गावाने यात दोन मोठी नावं दिली. पेशाने खाटीक असलेल्या इन्याकी पेरुरेना यांनी ३०० किलोंची वेस ओलांडली, आणि त्याच गावच्या मिएल्चो सारालेगी यांनी २००१ साली ३२९ किलोचा दगड खांद्यावर घेतला. एकाच गावातून असे दोघे निघावेत यात मला नवल वाटत नाही. जिथे पोरं लहानपणापासून चौकात हेच बघतात, तिथे हुशार पोर काय करायचं ते आपोआप उचलतं.

जपानमध्ये असे दगड देवस्थानांच्या आवारात सापडतात. त्यांना चिकाराइशी म्हणतात. कित्येकांवर वजन कोरलेलं असतं, 'कान' या जुन्या मापात. एक कान म्हणजे ३.७५ किलो. उचलणारे मुख्यतः गोदामांतले हमाल आणि गावातली तरुण मंडळी. तांदळाचं गवती पोतं साधारण ६० किलोचं भरायचं, तेव्हा तेवढं वजन पेलणं ही कमावत्या माणसाकडून किमान अपेक्षा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात दारापुढे किंवा नदीकाठी एक दगड असे. वयात आलेल्या मुलाने तो उचलून कमरेएवढ्या भिंतीवर ठेवला की त्याची गणना मोठ्या माणसांत. तमिळनाडूच्या गावांतला गुळगुळीत गोल इळवट्टक्कल उचलून खांद्यावरून मागे टाकणारा तरुण लग्नाला योग्य समजला जाई. वरवर पाहता हे लग्नाचं आणि वयात येण्याचं प्रकरण आहे. पण मुलीच्या बापाला काय कळायला हवं होतं? हा घर चालवेल का. म्हणजे हिशोब फिरून कामावरच येतो.

'उचलला' म्हणजे किती?

ग्रीसमधल्या ऑलिंपियाला सापडलेला एक वालुकाश्म १४३.५ किलोचा आहे. त्यावर इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातली अक्षरं कोरलेली आहेत. फोलाचा मुलगा बिबोन याने मला एका हाताने डोक्यावरून फेकलं, असं तो दगडच सांगतो. थेरा बेटावरचा दुसरा दगड ४८० किलोचा. क्रितोबुलोसचा मुलगा युमास्तास याने मला जमिनीवरून उचललं, असं त्याचं म्हणणं. जपानमधल्या ओकेगावाच्या इनारी देवस्थानात ६१० किलोचा दगड आहे. त्यावर सान्नोमिया उनोसुके या पहिलवानाचं नाव आहे, साल १८५२.

आकडे वाचून भुवया उंचावतात, पण तिन्ही ठिकाणी क्रियापदाकडे नीट पाहायला हवं. बिबोनचा दावा मला सर्वांत अवघड वाटतो, कारण एक हात आणि डोक्यावरून. युमास्तास फक्त 'जमिनीवरून' म्हणतो. दगडाचं एक टोक वर आलं की चारही बाजू, हे तो सांगत नाही. मोठ्या दगडांच्या बाबतीत जपानमध्ये पाठीवर पडून पायांनी वजन तोलण्याचीही रीत होती. पायांची ताकद हातांच्या कितीतरी पट, त्यामुळे ६१० हा आकडा हातांनी उचललेल्या वजनाशेजारी मांडण्यात अर्थ नाही.

स्कॉटलंडच्या लोकांनी हा घोळ छान सोडवला. त्यांच्याकडे उचलीच्या पायऱ्या आहेत. सर्वांत खालची पायरी म्हणजे दगडाखालून वारा जाऊ देणे: केसभर का होईना, दगड पूर्णपणे जमीन सोडतो. मग मांडीवर घेणे. मग छातीपर्यंत. मग खांद्यावर. फार जड दगडाखालून वारा घातला तरी मान मिळतो, पण तो मान कुठला हे सगळ्यांना माहीत असतं. दंतकथांना आळा घालायला इतकी साधी युक्ती पुरते.

दगड बारपेक्षा जड का लागतो

व्यायामशाळेत १०० किलोची लोखंडी बार उचलणारे पुष्कळ सापडतील. त्यांतल्या बऱ्याच जणांना १०० किलोचा गोल दगड मांडीपर्यंतही आणता येत नाही. यात त्यांचा कमीपणा नाही, गणितच वेगळं आहे.

पहिली अडचण अंतराची. भरलेली बादली अंगालगत धरली तर बराच वेळ धरता येते, तीच हात लांब करून धरली तर लगेच खांदा भरून येतो. कमरेचंही तसंच. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात आणि दगड कण्याच्या पुढे कितीतरी लांब. तरफेचा नियम सांगतो की वजन गुणिले अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं. दगड १०० किलोचा आणि कण्यापासून ६० सेंटिमीटर पुढे असेल तर गुणाकार ६०००. त्याला तोलायला ५ सेंटिमीटरवरच्या स्नायूंना ६००० भागिले ५, म्हणजे १२०० किलोएवढा जोर लावावा लागतो. स्वतःच्या धडाचं वजन यात धरलेलंच नाही. तोच दगड ४० सेंटिमीटरवर ओढून घेतला तर ८०० किलो. वजन तसूभर कमी झालं नाही, पण ताण तिसऱ्या हिश्श्याने घटला.

बार उचलताना ती नडगीला घासत वर येते, म्हणजे वजन कायम अंगालगत. दगडाला ही सोय नाही. १०० किलोचा ग्रॅनाइटचा गोळा साधारण ४१ सेंटिमीटर व्यासाचा असतो. तुम्ही त्याला कितीही घट्ट कवटाळा, त्याचा मध्य पोटापासून २० सेंटिमीटरच्या आत येऊच शकत नाही, कारण मध्ये दगडच आहे. वर तुमच्या पोटाची जाडी. म्हणून कसलेला माणूस दगडाला आधी दोन पायांच्या मध्ये घेतो, त्याच्यावर जवळजवळ पालथा पडतो, आणि उठताना तोल मागे टाकतो. व्यायामशाळेत 'पाठ ताठ' हा पहिला धडा, इथे पाठ मुद्दाम गोल करून दगडाभोवती गुंडाळावी लागते. वर्षानुवर्षं कमावलेल्या पाठीला ते झेपतं. नवख्याने पहिल्याच दिवशी केलं तर कण्यातली चकती सरकण्याची भीती असते, हे इथेच सांगून ठेवतो.

मांडी हा मधला थांबा आहे. दगड मांडीवर टेकवून, अर्धवट बसलेल्या अवस्थेत पकड बदलायची, श्वास घ्यायचा, मग मांड्यांच्या धक्क्याने त्याला छातीवर लोळवायचं. छातीवरून खांद्यावर. आणि खांद्यावर गेला की दगड कण्याच्या जवळजवळ वरच येतो. अंतर उरत नाही, गुणाकार कोसळतो. दगड वर नेताना चेहरा जांभळा पडलेला बास्क पहिलवान खांद्यावर घेतल्यावर हात सोडून उभा राहतो. बघणाऱ्याला ते नाटक वाटतं. पण त्या क्षणी त्याच्या पाठीला खरोखरच आराम असतो.

दुसरी अडचण पकडीची. दगडाला मूठ नाही. दोन्ही बाजूंनी हात दाबायचे आणि घर्षणाच्या भरवशावर वर न्यायचं. कोरड्या, खरखरीत दगडावर हाताची पकड चांगली बसली, समजा घर्षणांक ०.६ आहे, तर १०० किलो हवेत ठेवायला प्रत्येक हाताला सुमारे ८३ किलोचा दाब द्यावा लागतो. दगड ओला झाला आणि घर्षणांक निम्म्यावर आला तर हाच दाब १६७ किलो होतो. पाठीत ताकद असूनही दगड हातातून निसटतो तो या हिशोबामुळे. आधुनिक स्पर्धांत हातांना चिकट राळ लावतात. जुन्या दगडांचे भक्त नाक मुरडतात. मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण पकड हीच अर्धी परीक्षा होती, ती बाटलीतून विकत घेतली तर मोजणार काय?

कधी पकड ही सगळीच परीक्षा असते. स्कॉटलंडमध्ये पोटार्क गावच्या पुलाजवळ लोखंडी कड्या बसवलेले दोन दगड आहेत, एक १८८ किलोचा, दुसरा सुमारे १४४.५ चा. पुलाच्या दुरुस्तीच्या वेळी परांची बांधायला तोल म्हणून ते वापरले गेले होते. डोनाल्ड डिनी या पहिलवानाने १८६० साली दोन्ही हातांत दोन दगड धरून पुलाच्या रुंदीएवढं, म्हणजे पाच मीटरहून थोडं जास्त अंतर कापलं, असं सांगतात. दगड आज त्याच्याच नावाने ओळखले जातात. इथे अंतराचा प्रश्न नाही, कारण दगड पायांच्या दोन बाजूंना लोंबतात. पाठ आणि मांड्या एकत्र लागल्या की ३३२ किलो पेलणारे बरेच आहेत. अडतं ते बोटांवर. बारीक लोखंडी कडी, त्यावर १८८ किलो, आणि दुसऱ्या हाताला त्याहून कमी, त्यामुळे अंग एका बाजूला कलतं. चालायला लागलं की दगड नडग्यांना आपटतात ते वेगळंच.

श्वासाबद्दल थोडं. उचल घेताना प्रत्येक जण नकळत श्वास कोंडतो. पोटातली हवा आणि आतडी दाबली जाऊन पोट टणक होतं आणि कण्याला पुढून आधार मिळतो. बास्क पहिलवान कमरेला लांब पट्टा गुंडाळतात तोही याचसाठी, पोटाला दाबायला बाहेरून भिंत मिळावी म्हणून. किंमत अशी की तेवढा वेळ रक्तदाब फार वर जातो. ज्यांना आधीच रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हा नाद करू नये.

किडकिडीत गडी भारी का पडतो

प्रत्येक गावात असा एक जण असतोच, अंगाने सुकट, पण दांडगोबा पहिलवानाला न हलणारं ओझं सहज उचलणारा. यामागे जादू नाही. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर अवलंबून असते हे खरं, पण त्यातले किती धागे एकाच वेळी कामाला लागतात हे मेंदू आणि मज्जातंतू ठरवतात. न सरावलेल्या माणसाला ऐन क्षणी सगळे धागे जुंपता येत नाहीत. रोज तेच काम करणाऱ्याला येतात, शिवाय कोणते स्नायू सोडून द्यायचे हेही त्याला कळलेलं असतं. म्हणूनच सराव सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंग फारसं न भरताही ताकद वाढलेली जाणवते. त्यातून गावचा दगड ओळखीचा. कुठल्या खाचेत बोट बसतं, कुठली बाजू जड, हे पाठ असतं. परगावच्या पहिलवानाला तो पहिल्यांदाच भेटतो.

क्रोटोनच्या मिलोची जुनी गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. तो रोज एक वासरू उचलायचा, वासरू वाढत गेलं तशी त्याची ताकदही वाढली, आणि शेवटी त्याने अख्खा बैल उचलला. थोडं थोडं वजन वाढवत न्यायचं, हे तत्त्व पक्कं आहे, सगळा आधुनिक व्यायाम त्यावरच उभा आहे. फसते ती गती. वासरू जन्मतः तीस-चाळीस किलोचं असतं आणि नीट खाल्लं तर दिवसाला अर्धा किलो किंवा जास्तच वाढतं. म्हणजे वर्षात दोनशेच्या पुढे. सुरुवातीचे काही महिने माणूस टिकेल. पुढे स्नायू एका वेगाने वाढतात, स्नायूबंध आणि हाडं त्याहून सावकाश, आणि बैल मात्र कोणाची वाट बघत नाही.

आणि तरीही, थेट वजनाच्या खेळात मोठा माणूस शेवटी जिंकतोच. हिशोब असा: दोन माणसं सारख्या बांध्याची, एक दुसऱ्यापेक्षा १० टक्के उंच. स्नायूचं क्षेत्रफळ, म्हणजे ढोबळमानाने ताकद, २१ टक्के जास्त. वजन मात्र ३३ टक्के जास्त. स्वतःच्या वजनाच्या पटीत पाहिलं तर लहान माणूस सरस ठरतो, दगडाच्या वजनात पाहिलं तर मोठा. आजचे खेळ न्यायासाठी वजनी गट पाडतात. तांडेलाला न्यायाशी देणंघेणं नव्हतं, त्याला होडी वर ओढायची होती.

दोर, ओंडका आणि तेलातली कुस्ती

रस्सीखेच हा बहुधा सर्वांत गैरसमज झालेला खेळ आहे. जो जास्त ओढतो तो जिंकतो असं आपल्याला वाटतं. पण दोराला दोन टोकं आणि त्यातला ताण दोन्हीकडे सारखाच, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना सारख्याच जोराने ओढत असतात. फरक पडतो पायांत. ज्याचे पाय जमिनीला जास्त जोराने मागे रेटू शकतात तो जिंकतो. पायांच्या पकडीची मर्यादा अंगाचं वजन आणि जमिनीशी असलेलं घर्षण ठरवतात. म्हणून चांगला संघ हातांनी ओढत नाही, तो मागे रेलून दोराला लटकतो, टाचा रोवतो, आणि सगळे एकाच ठेक्यावर पाय सरकवतात. म्हणूनच आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत अख्ख्या संघाचं मिळून वजन ठरवून दिलेलं असतं. १९०० ते १९२० या काळात हा खेळ ऑलिंपिकमध्ये होता.

दोर हातांना किंवा मनगटाला गुंडाळू नये, हे पोरांना सांगायला हवं. १९९७ साली तैपेईत दीड हजारांहून जास्त लोक एकाच दोराला लागले, दोर तुटला, आणि दोघांचे हात खांद्याखालून तुटले. ताणलेल्या नायलॉनमध्ये साठलेली ऊर्जा एका क्षणात सुटते. ती माणसासाठी बाजूला होत नाही.

कोरियातल्या गिजिसी गावची रस्सीखेच मला फार आवडते. तिथे गवताचा अवाढव्य दोर वळतात आणि गावाचे दोन भाग ओढतात. वरचा भाग जिंकला तर देशात शांतता, खालचा जिंकला तर पीक भरघोस. म्हणजे कोणीही हरलं तरी गावाचं काही बिघडत नाही. कंबोडिया, फिलिपिन्स, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनाममधल्या अशा दोर ओढण्याच्या प्रथांची युनेस्कोने २०१५ साली एकत्र नोंद केली. इथे मात्र माझा मोजमापाचा सिद्धांत लंगडा पडतो हे मान्य करायला हवं. या खेळात कोणाची लायकी ठरत नाही. इतक्या लोकांनी एका ठेक्यावर ओढणं हेच इथलं काम असतं, आणि भातशेतीच्या गावात तेही थोडकं नाही.

स्कॉटिश खेळांतला ओंडका फेकण्याचा प्रकार पाहणाऱ्यांना कायम चकवतो. पाच-सहा मीटर लांबीचा, एका टोकाला निमुळता खांब उभा धरून पळायचं आणि फेकायचा. सगळे विचारतात, किती लांब गेला? लांबी मोजतच नाहीत. खांब हवेत उलटून त्याचं वरचं टोक जमिनीवर टेकायला हवं आणि मग तो फेकणाऱ्याच्या सरळ समोर पडायला हवा, घड्याळातल्या बारा वाजल्याच्या रेषेत. युक्ती थांबण्यात आहे. पळता पळता फेकणारा अचानक थबकतो, खालचं टोक थांबतं, वरचं टोक आपल्या वेगाने पुढे जात राहतं, आणि त्याच क्षणी खालून वर झटका द्यायचा. वेळ चुकली तर खांब पूर्ण उलटत नाही.

कुस्तीबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल, म्हणून दोनच गोष्टी. तुर्कस्तानात एदिर्नेच्या किर्कपिनार उत्सवात पहिलवान कातड्याची चड्डी घालून अंगभर तेल माखून लढतात. तेलामुळे पकड जाते, पकड गेली की नुसत्या जोराचा उपयोग संपतो, आणि कुस्ती लांबते. १९७५ पर्यंत तिला वेळेची मर्यादाच नव्हती, एकेक कुस्ती दुसऱ्या दिवसावर जायची. स्वित्झर्लंडमध्ये भुशाच्या आखाड्यात कुस्ती होते, मोठ्या मैदानाचं बक्षीस अजूनही जिवंत बैल असतो, आणि जिंकणारा हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा स्वतः झटकतो.

बायका कुठे होत्या?

एक प्रश्न मात्र टोचतो. जगभरातल्या गावांत पाणी, लाकूड, चारा, धान्य वाहण्याचं काम मोठ्या प्रमाणात बायकांनी केलं. मग त्यांच्या ओझ्याची स्पर्धा का झाली नाही? माझ्या मते उत्तर पैजेत आहे. स्पर्धा व्हायला चौक लागतो, मोकळा वेळ लागतो, आणि पणाला लावायला स्वतःच्या हातात पैसा लागतो. शिवाय पुरुषाचा दगड त्याचा वाटा ठरवत होता. बाईच्या कामाला वाटाच नव्हता, मग मोजणार कशाला? १९७९ साली जॅन टॉड या अमेरिकन बाईंनी हाताला पट्टे बांधून डिनीचे दोन्ही दगड उचलले, तेव्हा बाईच्या हातून ते पहिल्यांदाच उचलले गेले. आज बास्क चौकात बायकाही दगड उचलतात.

काम संपल्यावर

मोटारीची होडी आली, गवत यंत्राने कापलं जाऊ लागलं. मोजायचं कामच उरलं नाही, तरी मोजमापं उरली आणि खेळ झाली. १९७७ साली सुरू झालेल्या 'जगातला सर्वांत ताकदवान माणूस' या टीव्हीवरच्या स्पर्धेने त्यांतल्या पुष्कळ गोष्टी उचलल्या. दोन हातांत वजनं घेऊन चालणं आलं, गोल दगड उचलून उंच चौथऱ्यांवर ठेवणं आलं. तिथले दगड बहुधा काँक्रीटचे असतात, साच्यातून काढलेले, नितळ गोल. कुठल्याही देशातला स्पर्धक घरी तसाच साचा आणून सराव करू शकतो. जुन्या दगडाची खोड अशी की तो एकच आणि एकाच जागी, त्याला भेटायला जावं लागतं. आइसलँडमधल्या हुसाफेलचा १८६ किलोचा चपटा दगड अठराव्या शतकात तिथल्या पाद्र्याच्या मेंढ्यांच्या कोंडवाड्यापाशी होता. त्याला छातीशी धरून कोंडवाड्याला फेरी मारायला अजूनही लोक विमानाने येतात. स्पर्धांसाठी त्याच्या प्रतिकृती जगभर आहेत, आणि त्या मूळ दगडाइतक्या छळत नाहीत अशी उचलणाऱ्यांची तक्रार असते.

स्वित्झर्लंडच्या लोकांना मूळ की प्रतिकृती हा प्रश्न फारच थेट सोडवावा लागला. इंटरलाकेनजवळच्या उनस्पुनेन उत्सवात ८३.५ किलोचा दगड धावत येऊन डोक्यावरून फेकतात. त्यावर १८०५ हे साल कोरलेलं आहे, पहिल्या उत्सवाचं. १९८४ साली ज्युरा भागातल्या फुटीर गटाच्या तरुणांनी तो संग्रहालयातून पळवला, कारण सगळ्या देशाचं लक्ष वेधायचं तर याहून चांगली वस्तू त्यांना सुचली नाही. २००१ साली तो परत मिळाला, पण अंगावर नवीन नक्षी कोरून घेऊन. २००५ साली पुन्हा चोरीला गेला. फेकण्याची स्पर्धा त्यामुळे अडली नाही. ती प्रतिकृतीवर चालू आहे, वजन तेच, आणि मार्कुस मायर यांनी २००४ साली तो ४.११ मीटर फेकला.